बाबांच्या वतीने ऐकलेली बागेश्री

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मावळातून वर्षाचा तांदूळ आला आहे, आणि बोरिक पावडर लावून डबे भरण्याआधी तो निवडायला मी सकाळपासून बसले आहे. तांदूळ निवडताना डोळे आणि बोटं अडकून पडतात, डोकं रिकामं राहतं, आणि रिकामं डोकं मला फारसं मानवत नाही. म्हणून सुनेने रेडिओ लावून दिला. भर दिवसा कोणीतरी बागेश्री गात होतं. सून म्हणाली, "तुम्हाला गाण्यातलं कळतं, नाही का?" तिला मी हो म्हटलं, कारण खरं उत्तर लांबलचक होतं. मला गाण्याची आवड होती म्हणून मी ऐकायला शिकले नाही. एखाद्या घरात पाणी भरायचं काम थोरल्या मुलीकडे येतं, तसं आमच्या घरात ऐकायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते नीट केलं. ते लांबलचक उत्तर आज लिहून टाकते.

मिरजेहून आम्ही पिंपरीला आलो ते बाबांच्या नोकरीसाठी. मुंबईच्या रस्त्याला नवा कारखाना उभा राहिला होता आणि तिथे बाबांना बॉयलरवर काम मिळालं. वसाहतीत दोन खोल्या, मागे मोरी, पुढे चार कुंड्या मावतील एवढं अंगण. मागच्या भिंतीपलीकडे नदीपर्यंत ज्वारीची शेतं आणि नदीपलीकडे थेरगाव. आज त्या बाजूला इतकी घरं झाली आहेत की नदी बघायची तर पुलावर जाऊन उभं राहावं लागतं. तेव्हा आमच्या मोरीच्या खिडकीतून पाणी चमकताना दिसायचं. घरात आम्ही तिघंच. पहाटे कारखान्याचा भोंगा, मग आईच्या बंबातला लाकडांचा तडतडाट, मग शेतातल्या इंजिनाची फटफट, मधूनच मालगाडी. मिरजेच्या घरी शेजारीपाजारी कोणी ना कोणी गात, वाजवत असे, कारण आमची आळीच तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या शेजारची. इथे आल्यावर बाबा पहिले काही महिने संध्याकाळी नुसते अंगणात बसून राहत. आई म्हणायची, "यांना इथलं पाणी लागत नाही." पाण्याचा काही दोष नव्हता.

सामानाच्या ट्रकमधून येताना बाबांनी तंबोरा रजईत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि मला पाण्याच्या पिंपावर बसवलं होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. घरात कशाला काय महत्त्व होतं ते कळावं म्हणून सांगते. बाबा गात नसत. त्यांचा आवाज अगदी साधा होता. पण तंबोरा ते असा लावत की मिरजेत मोठे मोठे गवईसुद्धा बैठकीआधी त्यांना बोलावून नेत.

पुढे घरात रेडिओ आला आणि सगळं बदललं. वसाहतीत आमच्या ओळीत तो पहिलाच. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, आणि चालू केला की आतले दिवे तापेपर्यंत तो गप्प. शनिवारी रात्री त्यावर शास्त्रीय गाण्याचा मोठा कार्यक्रम असे, आणि रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत त्यावर बैठक बसे. गायचं कोणीच नाही. आठवड्यात काय ऐकलं ते सांगायचं आणि त्यावरून भांडायचं. ठरलेली माणसं चार. एक बाबा. दुसरे सबनीस काका, कारखान्याच्या प्रयोगशाळेतले, चष्मा पुसल्याशिवाय मत न देणारे. तिसरे स्टोअरमधले देशमुख काका, परभणीकडचे, ज्यांचं मत चप्पल काढायच्या आत दारातूनच सुरू व्हायचं. चौथे थेरगावचे दगडूभाऊ. त्यांची नदीकाठी शेती होती, देवळातल्या भजनात ते पखवाज वाजवत, आणि कारखान्याच्या कॅन्टीनला भाजी घालायला येता येता त्यांची बाबांशी ओळख झाली होती. घरी रेडिओ नसल्यामुळे शनिवारी रात्री ते सायकलवरून आमच्याकडेच येत. पेरणी-काढणीच्या दिवसांत मात्र त्यांना रेडिओपाशी बसायला फुरसत नसे. मग त्यांना रविवारी अख्खा कार्यक्रम तोंडी सांगावा लागे.

बैठकीचा एकच नियम होता आणि तो सबनीस काकांनी घातला होता. ज्याने त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच सांगायचं. मासिकात वाचलेलं चालणार नाही, कोणाच्या तोंडून कळलेलं चालणार नाही. "नाहीतर राव, आपण गाण्याबद्दल बोलतोय का गाण्याच्या गावगप्पांबद्दल?" असं देशमुख काकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. आई आतून पोह्यांच्या बश्या पाठवी, मी नेऊन देई. थंडीत दगडूभाऊ ओले वाटाणे आणत, मग त्या रविवारी पोह्यांत वाटाणे. नंतर जायफळ घातलेली कॉफी. त्या पोह्यांवर खोबरं पेरण्यात माझा हात इतका बसला होता की डोळे मिटून करता आलं असतं. बोलणं कानावर पडत असे, पण मी त्यात लक्ष घालत नव्हते.

लक्ष घालावं लागलं ते एका शनिवारी. कार्यक्रम संपला होता. निवेदिकेने पुढच्या बातमीपत्राची वेळ सांगायला सुरुवात केली. दगडूभाऊ त्या दिवशी नव्हते, आई आत झाकपाक करत होती. मी बाबांकडे बघितलं तर त्यांचा हात मांडीवर ताल देत होता. डोळे मिटलेले, मान हलतेय, आणि एकदम समेवर यावं तसे ते म्हणाले, "वा!" निवेदिका तेव्हा हवामान सांगत होती.

मी जाऊन रेडिओ बंद केला. बाबांनी डोळे उघडले ते आवाज थांबला म्हणून नाही, माझी सावली पडली म्हणून.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच संपलं."

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "शेवटी काय होतं गं?"

आता कोणी विचारेल की घरातल्या माणसाला ऐकू येत नाही हे इतके दिवस कसं कळलं नाही. त्याला कारणं आहेत. बहिरं माणूस ओरडून बोलतं असं आपण धरून चालतो, आणि बाबा उलट हळू बोलायला लागले होते. बॉयलरवर सगळेच एकमेकांवर ओरडतात, आणि बाबा सांगत की त्या धडधडाटात त्यांना माणसांचं बोलणं घरच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. आम्हाला तो विनोद वाटायचा. घरात समोर तोंड करून बोललं की ते ओठांवरून ओळखत. आणि रेडिओचा आवाज मोठा ठेवणं हे तर त्या काळी मोठेपणाचंच लक्षण होतं. शेजाऱ्यांना ऐकू गेला नाही तर रेडिओ घेतला कशाला?

आईला अर्थात ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी तिला सांगायला गेले तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "सहा महिने होत आले. मी म्हणते, ऐकू येत नाही तर येत नाही म्हणावं. त्यात काय चोरी केलीय? पण ऐकतील तर ना." मग स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

बाबांनी मला कारण सांगितलं, तेही एकदाच. सबनीस काकांनी नुकताच आमच्यापेक्षा मोठा रेडिओ घेतला होता. बाबांना ऐकू येत नाही हे त्यांना कळलं की बैठक तिकडे जाईल. मग दर रविवारी तिकडे जाऊन, ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाने गाण्याच्या गप्पांत बसायचं, आणि लोकांनी त्याच्याकडे कणवेने बघायचं. "मला तेवढी एक सकाळ आहे गं शकू," ते म्हणाले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मला त्यातली कणव वगैरे कळली नाही. एक काम आहे आणि ते माझ्याने होण्यासारखं आहे, एवढं कळलं.

मग आमची पद्धत बसली. शनिवारी मी रेडिओसमोर बसायची. रविवारी पहाटे आई बंब पेटवायची, बाबा दात घासत मोरीच्या उंबऱ्यावर बसायचे, आणि मी त्यांच्या समोर उकिडवी बसून, ओठ नीट हलवत, काल काय झालं ते सांगायची. मला गाण्याची भाषा येत नव्हती. मी भांड्याकुंड्यांचं सांगावं तसं सांगायची. "आधी बराच वेळ एकाच जागी घुटमळले. मग वर चढायला गेले तर आवाज फाटला. मग खाली आले, आणि एक पायरी सोडून गेले तेव्हा फाटला नाही. तबलेवाला घाईत होता. पेटीवाला उगाच मधे मधे येत होता." बाबा विचारायचे, "कुठली पायरी सोडली? म्हणून दाखव." मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायची, त्यांना अर्धंमुर्धं पोचायचं, आणि उरलेलं ते स्वतःच्या माहितीने भरून काढायचे. नवाच्या सुमाराला तेच सगळं बाहेरच्या खोलीत त्यांच्या हळू आवाजात निघायचं: "वरच्या षड्जाला पहिल्यांदा आवाज चिरला. दुसऱ्यांदा निषाद टाळून गेले. वयाचा मान राखून गायले, दुसरं काय."

सबनीस काका थक्क व्हायचे. ते स्वतः 'आर्त', 'गहिरं', 'भारून टाकणारं' असे शब्द वापरत, आणि बाबांचं हे कोरडं बोलणं ऐकून चष्मा पुसायला लागत. "गोविंदराव, तुमच्या ऐकण्यात अलीकडे काय शिस्त आलीय! पूर्वी तुम्हीसुद्धा आमच्यासारखे वाहून जायचात." मी बश्या गोळा करत तिथेच असायची. आजही मला ते वाक्य आठवलं की बरं वाटतं.

बागेश्रीचं भांडण झालं ते याच दिवसांत. शनिवारी एका मोठ्या गायिकेने बागेश्री गायली; पेरणीमुळे दगडूभाऊ त्या रात्री आले नव्हते. मी बाबांना सांगितलं की सगळं चालू असताना एक स्वर असा आला जो आधी कुठेच नव्हता. पाहुण्यासारखा आला, टेकला नाही, लगेच गेला. बाबांनी दात घासायचं थांबवलं. "पंचम," ते म्हणाले. बागेश्रीत पंचम घ्यायचा की नाही यावर जुन्या लोकांत मतभेद आहेत, हे मला नंतर कळलं. बैठकीत बाबांनी सांगितलं, "पंचम लावला. पण पाहुण्यासारखा."

"काय सांगायलात राव!" देशमुख काका मांडी मोडून उठलेच. "मी काय झोपलो होतो? नव्हता पंचम."

"होता."

"अहो, तुमच्या रेडिओत असंल. आमच्यात नव्हता."

सबनीस काका म्हणाले, "मला शंका आली होती, पण खात्री नव्हती. गोविंदराव म्हणतात तर असणार."

"हे बरंय! म्हणजे त्यांच्या कानाला कान, आणि आमच्या कानाला काय, भोकं?"

दगडूभाऊ पोहे खात शांतपणे म्हणाले, "द्या की सोडून. आला आन् गेला म्हंत्यात, तर पाव्हन्याचं काय एवढं." तरी ते भांडण पावसाळाभर चाललं. देशमुख काका वसाहतीत कुठेही भेटले की बाबांना लांबूनच पाच बोटं दाखवत, आणि बाबा मान डोलावत. मी त्या पंचमाची एकटी साक्षीदार होते आणि मला कोणी विचारत नव्हतं. त्याचं मला काही वाटत नसे. शनिवारचं काम संपलं की माझं संपलं.

थंडी सुरू झाली तेव्हा सबनीस काका एक बातमी घेऊन आले. त्यांच्या नात्यातले एक वयस्क गवई पुण्याहून मुंबईला निघाले होते, आणि वाटेत रविवारची सकाळ त्यांनी आपल्याला द्यायचं कबूल केलं होतं. तबलजी बरोबर येणार होता. "तंबोरा आणू नका म्हणून मी कळवलंय," सबनीस काका आनंदाने म्हणाले. "म्हटलं, तिथे मिरजेचा तंबोरा आहे आणि तो लावणारा माणूसही आहे." बाबांनी ओठांवरून शेवटचे शब्द वाचले असावेत. ते हसले आणि "हो, हो" म्हणाले.

त्या आठवड्यात आईने घर धुऊन काढलं आणि बाबांशी दोनदा भांडली. "आता तरी सांगा. माणूस घरी यायच्या आत सांगा." बाबा म्हणत, "बघू." तंबोरा त्यांनी वर्षभर उघडलाच नव्हता. कोणी विषय काढला की हवा दमट आहे, तारा जुन्या झाल्यात, असं काहीतरी सांगत. मी माझ्या परीने एक योजना केली. बाबांनी तार छेडायची, मी कॉफीचा ट्रे घेऊन समोर उभं राहायचं, आणि तार उतरलेली असली तर भुवया वर करायच्या, चढलेली असली तर खाली. आम्ही मोरीत त्याचा सरावही केला. योजना चांगली होती. फसली ती शिऱ्यामुळे. बुवांबरोबर आणखी माणसं आली, केलेला शिरा पुरणार नव्हता, आणि आईने ऐन वेळी मला आत ओढून रवा भाजायला बसवलं. रवा सोडून उठता येत नाही. मला दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं, तेवढंच.

बुवा सतरंजीवर बसले. बाबांनी गवसणी काढली, तंबोरा पुढ्यात घेतला, खुंटीला हात घातला.  बाबांनी एकदा माझ्या ठरल्या जागेकडे बघितलं, तिथे मी नव्हते. मग त्यांनी पहिली तार छेडली आणि खुंटी पिळली. मला आतूनसुद्धा कळलं की ती उलट्या बाजूला चालली आहे. पहिली तार बहुधा पंचमात लावतात. ज्या रागात पंचमच नसतो त्याच्यासाठी मध्यमात, क्वचित निषादात. बाबांची तार खाली खाली चालली होती, आणि ती कुठेच लागत नव्हती.

सबनीस काका देशमुख काकांच्या कानाशी लागले. कुजबुज त्यांना कधी जमली नाही. मला चुलीपाशी ऐकू आली. "बघा, मध्यमात नेतायत. बुवांनी ललत गावा असं सुचवतायत."

"ललत? ऊन केवढं वर आलंय! निषादात लावायलेत ते. परत वर नेतील, बघा तुम्ही."

"मध्यम."

"निषाद. लागली पैज."

ज्याला तार ऐकूच येत नव्हती अशा माणसाच्या खुंटीवरून दोन शहाणी माणसं राग ओळखत होती. दगडूभाऊंनी मात्र बाबांच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि खाली मान घातली. बुवा एवढंच म्हणाले, "सावकाश होऊ द्या. घाई नाही." बाबांनी खुंटी पुन्हा पिळली. भाजलेल्या रव्याचा वास सुटला होता आणि मी कालथा तसाच ठेवून दारात आले.

पुढचं जे झालं ते बाबांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. जवळून ऐकायला म्हणून ते खाली वाकले, आणखी वाकले, आणि त्यांच्या कानामागचं हाड तंबोऱ्याच्या लाकडाला टेकलं. हात तारेवर होताच. तार वाजली आणि बाबा एकदम थिजले. पुन्हा छेडली. मग डोकं तसंच टेकवून ठेवून त्यांनी खुंटी वर घ्यायला सुरुवात केली, हळूहळू, आणि तार पंचमात जाऊन बसली. मग मधल्या जोडीच्या तारा. मग शेवटची खर्जाची. सगळा तंबोरा त्यांनी झाडाच्या खोडाला माणसाने डोकं टेकावं तसं बसून लावला, आणि लावून झाल्यावरही उठले नाहीत. "मी धरतो साथीला," ते बुवांना म्हणाले. बुवा म्हणाले, "धरा."

बुवांनी तोडी गायली. कशी गायली ते मी सांगू शकत नाही, कारण तो कार्यक्रम मी ऐकला नाही. मला शिरा करायचा होता. मला दिसत होते ते बाबा, तंबोऱ्याला डोकं टेकून बसलेले, मान न हलवता, मांडीवर ताल न देता.

गाणं झालं, शिरा झाला, आणि बैठकीच्या रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने काय ऐकलं ते सांगायची वेळ आली. बुवांनाही ही पद्धत आवडली. सबनीस काकांनी कोमल गंधाराबद्दल बरंच सांगितलं. पैज दोघेही हरले होते, तरी देशमुख काका दिलखुलास बोलले. दगडूभाऊ म्हणाले, "मला नाव न्हाई सांगता यायचं. पर मधी एकदा वाटलं, आता ह्ये गानं उतरंल, आन् तुमी उतरवलं न्हाई. तेवढं बेस झालं." मग सगळे बाबांकडे वळले. मी दारात होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडे काहीच नव्हतं.

बाबा म्हणाले, "मी फक्त तंबोरा ऐकला."

"वा!" सबनीस काका म्हणाले. "काय बोललात!"

"नाही, सबनीस. खरंच फक्त तंबोरा ऐकला. गाणं मला ऐकू आलं नाही. वर्ष झालं, काहीच नीट ऐकू येत नाही. तुम्हाला दर रविवारी सांगत होतो ते या शकूने ऐकलेलं."

 पहिले बोलले ते देशमुख काका. "थांबा थांबा. म्हणजे पावसाळाभर त्या पंचमावरून मी भांडलो ते हिच्याशी?"

"हिच्याशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "होता का गं खरंच?"

"होता," मी म्हटलं. "एकदाच."

"पाव्हन्यावानी," दगडूभाऊ म्हणाले, आणि देशमुख काका हसायला लागले. बुवाही हसले. सबनीस काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नियम माझा होता म्हणून मी बोलत नाही," ते म्हणाले, "पण गोविंदराव, वर्षभर मी माझं मत तुमच्या कानावर बेतलं. तुमच्या. हे मला आधी सांगायला हवं होतंत." बाबा म्हणाले, "हो."  आतून आई म्हणाली, "मी तेच म्हणत होते," आणि कॉफी घेऊन बाहेर आली. बुवा निघताना बाबांना एवढंच म्हणाले, "तंबोरा बरोबर लागला होता. गाणाऱ्याला तेवढं पुरतं." सबनीस काका त्यांना पोचवायला गेले ते परत आले नाहीत. दगडूभाऊंनी सायकल काढता काढता विचारलं, "फुडल्या ऐतवारी हितंच का?" बाबांनी हात हलवले, म्हणजे मला काय माहीत.

पुढचे काही रविवार सबनीस काका आले नाहीत हे खरं आहे. मग एकदा आले, आणि दारातूनच म्हणाले, "शकू, मीसुद्धा बागेश्री पुन्हा ऐकली. बाहेर ये, बोलायचंय." पुण्यातल्या डॉक्टरांनी बाबांच्या कानामागे दोन दात्यांचा वाजणारा पोलादी काटा टेकवून सांगितलं की कानातलं बारीक हाड जखडलंय, आवाज कानातून जात नाही पण डोक्याच्या हाडातून जातो, आणि ही गोष्ट कारखान्यामुळे नाही, घराण्यातून येते. पण हे सगळं नंतर.

त्या रविवारी दुपारी बाबा जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तंबोरा गवसणीत गेला. आई मला म्हणाली, "राहू दे त्यांना." मी राहू दिलं, पण मला एक प्रश्न पडला होता आणि प्रश्न पडला की तो तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढे याच सवयीवर मी कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. प्रश्न असा की लाकडाला डोकं टेकून तंबोरा ऐकू येतो, तर रेडिओचीही पेटी लाकडाचीच आहे.

सोमवारी सकाळी बाबा कामावर जायच्या तयारीत होते. रेडिओवर सकाळचं गाणं सुरू व्हायची वेळ झाली होती. मी रेडिओ लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि त्यांना हाताला धरून आणलं. "डोकं टेका," मी ओठ हलवून सांगितलं. त्यांनी टेकलं आणि लगेच काढलं. पेटी उंच स्टुलावर होती, मान वाकडी होत होती, शिवाय आतल्या दिव्यांनी ती तापत होती. असं दोन मिनिटंसुद्धा बसता आलं नसतं. मी स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या करायला बसली होती. तिच्या हातातलं लाटणं मी काढून घेतलं, पदराने पुसून घेतलं तेही तिच्याच, आणि बाहेर आले. बाबांना खुर्चीत बसवलं, लाटण्याचं एक टोक रेडिओच्या पेटीला लावलं आणि दुसरं त्यांच्या कानामागे.

बाबा हलले नाहीत. मी लाटणं सोडलं, त्यांनी धरलं.  मग त्यांची मोकळी बोटं मांडीवर चालू लागली, आणि मी रेडिओचा तबला ऐकत ती तपासली. बरोबर होती. समेवर आली, पुढच्या समेवरही आली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघत विचारलं, "पेटीवाला मधे मधे येतोय का गं?"

"येतोय," मी म्हटलं, आणि ते हसले.

आतून आई ओरडली, "अगं, लाटणं आण! कणीक वाळतेय, त्यांचा डबा व्हायचाय!" मी बाहेरच्या खोलीत बघितलं. गाणं अर्ध्यावर आलं होतं. बाबांच्या पाळीच्या भोंग्याला अजून वेळ होता. मी लाटणं मागितलं नाही. मोरीवर हात धुतले, कणकेवर ओलं फडकं टाकलं, डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं आणि आईला म्हटलं, "सरक. आज डब्यात भाकरी." आणि थापायला बसले.